उंचीची फळी

पायलट

"दार उघडून बाहेर या," बेथ म्हणाली. "पण हे घर तुमचं नाही असं समजून."

मी दार उघडलं, बाहेर आले. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, "पुन्हा."

परत आत गेले, परत बाहेर आले. त्यांना फक्त उजेड बघायचा होता. खरी नटी नंतर येणार होती. तोवर तिच्या उंचीची बाई म्हणून मला उभं केलं होतं. पण पाच-सहा वेळा तेच केल्यावर कडीला हात लावताना मला खरंच वाटायला लागलं, की आतून कुणीतरी विचारेल, कोण पाहिजे आपल्याला?

"अगं शालन," यशवंत फूटपाथवरून ओरडले, "लग्न होऊन घरी आलीस तेव्हासुद्धा इतकी बावरली नव्हतीस!"

ते हसत होते. माझा नवरा हसतोय याचंच मला इतकं नवल वाटलं, की पुढच्या खेपेला मी उंबऱ्यातच थांबले. कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, "हेच. असंच हवं होतं."

या गोष्टीला आता वीसेक वर्षं होऊन गेली. मालिकेचं नाव सांगून उपयोग नाही. जेमतेम सहा भाग दाखवले आणि बंद केली. अमेरिकेतसुद्धा ती कुणाला आठवत नाही. न्यू जर्सीतलं आमचं जुनं लाकडी घर त्यांनी तिच्यासाठी निवडलं होतं. "रस्त्यावरून जातानाच कळलं," बेथ म्हणाली होती. घरं शोधणं हेच तिचं काम. "काही घरांना बघितलं की वाटतं, इथे कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय."

"गोष्ट काय आहे तुमची?" यशवंतांनी विचारलं होतं.

"एका कुटुंबाची मुलगी लहानपणी हरवलेली असते. सात वर्षांनी ती दारात उभी राहते. आई म्हणते, हीच ती. बाप म्हणतो, ही ती नाही."

"मग खरं कुणाचं?"

"शेवटच्या भागात कळेल," बेथ म्हणाली.

मी चहा ओतत होते तो बशीत सांडला. आमच्या केतकीला जाऊन सात वर्षं झाली होती. मेंदूज्वर, दहावा वाढदिवस तिला दिसला नाही. बेथला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि आम्ही सांगितलंही नाही.

घरातून फिरताना तिचं बोट स्वयंपाकघराच्या दाराशी अडलं. चौकटीच्या डाव्या फळीवर पेन्सिलच्या आडव्या रेघा होत्या. प्रत्येक रेघेपाशी एक आकडा.

"उंची?"

"हो."

"आणि ही चिन्हं?"

"आमचे आकडे."

तिनं खालून वर मोजत नेलं. "नऊवर थांबलं."

"मुलगी मोठी झाली," यशवंत म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

त्या फळीविषयी

केतकीच्या वाढदिवसाला क्रम ठरलेला असायचा. आधी औक्षण. मग नमस्कार. मग ती फळीला पाठ लावून उभी राहायची, यशवंत तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरून रेघ ओढायचे, आणि आकडा मी लिहायची. नमस्काराची तिला फार घाई. मी तबक खाली ठेवायच्या आतच ती पायाशी वाकायची, ज्योत आडवी व्हायची आणि दरवर्षी मी ओरडायची. बस, इतकंच. तीन माणसांचं घर, त्यात सण तो केवढा.

भाग पहिला

वाहिनीला पायलट, म्हणजे तो नमुन्याचा भाग, आवडला. मालिका मंजूर झाली. दर वेळी आमच्या गल्लीत गाड्या आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून नदीपलीकडच्या एका जुन्या गोदामात त्यांनी आमचं घर पुन्हा बांधायचं ठरवलं.

त्यासाठी आठवडाभर सुतार येत होते. मी बँकेत असायची, यशवंत घरी. त्यांची कंपनी बंद पडली होती. सुतारांनी भिंती मोजल्या, जिने मोजले, शेगडीमागच्या हळदीच्या डागाचेसुद्धा फोटो काढले. मग उखडलं होतं ते सगळं परत बसवून, रंगवून निघून गेले. मी खोल्याखोल्यांतून फिरले. एक खिळासुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारात यशवंत चौकटीला नाक लावून उभे होते.

"काय करताय?"

"वास घेतोय."

"लाकडाचा?"

"ही आपली फळी नाही, शालन."

मी पिशवी खाली ठेवली. फळीजवळ गेले. "हे बघा. हा पाच बघा. शेपूट इतकी लांब कोण ओढतं? मीच ना? आणि आठच्या वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, हा बघा ओरखडा."

"अक्षर तुझंच आहे," ते म्हणाले. "फळी नाही."

केतकी गेल्यानंतर वर्षभर ते दुपारी शाळेची पिवळी बस यायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभे राहत. बस आमच्या दाराशी थांबायची बंद झाली होती, तरी. ड्रायव्हरला बिचाऱ्याला रस्ता बदलावा लागला होता. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मला वाटलं होतं ते दिवस संपले.

"आज गोळी घेतलीत का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पिशवी उचलून भाजी धुवायला घेतली.

पुढच्या सोमवारी ते पहिल्यांदा गोदामात गेले.

भाग दुसरा

"शालन, टीव्ही लाव! तुझं स्वयंपाकघर!"

"लावलाय गं, मंगल."

"अगं, तुझ्या मिसळणाच्या डब्याच्या जागी त्या बयेनं वाइनच्या बाटल्या ठेवल्यात!"

"तो सेट आहे. माझं स्वयंपाकघर इथे आहे. डबाही इथेच आहे."

"हुबेहूब आहे पण. आणि यशवंतराव? त्यांना दाखव की."

"ते यायचेत अजून."

"कालही यायचे होते. आमच्या ह्यांनी फोन केला तर म्हणे शूटिंगला. या वयात नटबिट व्हायचंय की काय?"

"एक्स्ट्रा म्हणून घेतात त्यांना. शेजारी म्हणून. अंगणातला पेपर उचलायचा आणि निघून जायचं."

"पेपर उचलायला रोज नदीपलीकडे? घरचा कधी उचलला नाही तो माणूस!"

"मंगल..."

"बरं, नाही बोलत. पण एक सांगू? ती मुलगी दारात येऊन उभी राहते ना, मला काही ते बरं वाटलं नाही. तुम्ही कसं काय बघता गं?"

"मी बघत नाही."

"मग हा आवाज कसला येतोय तुझ्या मागे?"

भाग तिसरा

आतलं दृश्य. दिवाणखाना. संध्याकाळ.

एक बाई सोफ्यावर बसली आहे. समोर टीव्ही. टीव्हीवर तोच दिवाणखाना, तोच सोफा, त्यावर दुसरी एक बाई.

दुसरी बाई म्हणते: ही माझीच मुलगी आहे.

तिचा नवरा म्हणतो: नाही.

दुसऱ्या बाईच्या मागे खिडकी आहे. खिडकीबाहेरून एक माणूस चाललाय. अंगात करडा स्वेटर, काखेत पेपर. तो चालता चालता थांबतो. वाकून आत बघतो. बघत राहतो.

सोफ्यावरची बाई झटकन मान वळवून स्वतःच्या खिडकीकडे बघते.

खिडकीत कुणी नाही.

ती बाई मी. स्वेटर मी विणलेला. त्या क्षणापर्यंत मी मनाशी म्हणत होते, जाऊ दे, घरात बसून कुढण्यापेक्षा बरं. पण माझ्या खिडकीत नसलेला माझा नवरा त्या खिडकीत होता आणि आत वाकून काहीतरी शोधत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं आणि उठून टीव्ही बंद केला.

ते आल्यावर जेवायला वाढलं. आमटी गरम केली. मग विचारलं.

"तुम्ही आत का बघितलंत?"

"कुठे?"

"मालिकेत. खिडकीतून. तुम्हाला पेपर उचलून जायचं होतं ना?"

"तिथून फळी दिसते का ते बघत होतो." त्यांनी भात कालवला. "दिसते. अर्धी."

"आपल्या इथे अख्खी आहे. मागे वळा, दिसेल."

ते वळले नाहीत.

"शालन, तिथे रखवालदाराची एक खोली आहे. रॉय म्हणतो, हवं तर राहा. रॉय म्हणजे सुतारांचा मुकादम. थोडे दिवस राहू का?"

"आणि मी?"

"तूही चल."

"कुठे? त्या पुठ्ठ्याच्या घरात?"

त्यांनी घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. त्यांनी तो कधीच चढवला नाही. "पुठ्ठ्याच्या घरात आपण राहतोय," ते म्हणाले.

पोर या घरातून गेली ती परत आली नव्हती. आता हेही निघाले होते, आणि ते तर कुठे, आमच्याच घराच्या नकलेत. त्या रात्री मी त्यांच्या चपला आतल्या कपाटात ठेवल्या. वेडेपणाच तो. सकाळी ते बूट घालून गेले.

भाग चौथा, पाचवा, सहावा

मी टीव्ही लावला नाही. मंगलकडून कळलं तेवढं कळलं. पाचव्या भागात म्हणे आई त्या मुलीला चौकटीपाशी उभी करून तिची उंची मापते. "तशाच रेघा गं, तुझ्यासारख्या," मंगल म्हणाली आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, एकदम केळफुलाच्या भाजीचं विचारायला लागली.

यशवंत शनिवार-रविवार घरी यायचे. मग फक्त रविवारी. मग एका रविवारी आलेच नाहीत.

न दाखवलेला भाग

बेथचा फोन बँकेत आला. मालिका बंद झाली होती. उरलेले भाग कधीच दाखवणार नव्हते.

"म्हणजे ती मुलगी खरी होती की नाही, ते?" मी विचारलं. माझ्या तोंडून आधी तेच गेलं.

"लेखकांनी ठरवलंच नव्हतं," बेथ म्हणाली. "सॉरी, मी वेगळ्याच कारणासाठी फोन केला. आज सेट तोडायचाय. तुमचे मिस्टर स्वयंपाकघरात बसलेत. उठत नाहीत."

मी दुपारची सुट्टी टाकून गेले.

गोदामाच्या लहान दारातून आत शिरले आणि समोर माझं घर उभं होतं. वर छप्पर नव्हतं, दिव्यांच्या लोखंडी तुळया होत्या. जिना वर जाऊन हवेत संपत होता. पण मी पुढच्या दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा माझा डावा हात आपणहून भिंतीवरच्या बटणाकडे गेला. बटण होतं. दाबलं. त्याला वायरच नव्हती. दिवाणखान्याच्या खिडकीबाहेर आमची गल्ली रंगवलेली होती. चित्रातल्या आमच्या मेपलला पानं होती, आणि घरी तर झाड कधीच ओकंबोकं झालं होतं.

यशवंत स्वयंपाकघराच्या दारात, जमिनीवर, डाव्या फळीला पाठ लावून बसले होते. शेजारी त्यांचा जेवणाचा डबा. पलीकडे एक धिप्पाड माणूस हातात पहार घेऊन अवघडून उभा होता, एखाद्या मयताला आल्यासारखा.

"मी रॉय," तो म्हणाला. "बाई, माझी माणसं खोळंबलीत. पण यांना हात धरून उठवणं मला जमेना."

मी त्यांच्यासमोर बसले. "अहो, चला घरी."

"ही घेऊन चल. मग येतो."

"घरी आहे ना फळी. तुम्ही याच्यापायी... ही नक्कल आहे, यशवंत! लोकांनी टीव्हीसाठी केलेली नक्कल!"

उत्तर रॉयनं दिलं. मराठी त्याला कळत नव्हतं, पण माझं बोट कुठे होतं ते त्याला दिसत होतं.

"तेवढीच एक मी बनवलेली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"या सबंध घरात ही एकच फळी खरी आहे. कॅमेऱ्याला नवं लाकूड लगेच दिसतं, आणि इतकं जुनं पाइन आम्हाला मिळेना. म्हणून तुमची काढून इथे आणली आणि तुमच्याकडे नवीन बसवली. आमचा रंगारी ती चिन्हं उतरवत दोन दिवस बसला होता. करारात असतं हे, बदलायचं ते बदलून पूर्ववत करून द्यायचं. कुणी बोललं नाही तुम्हाला?" त्यानं यशवंतांकडे बघितलं. "यांना कसं कळलं, मला अजून समजत नाही. आजवर कुणाला कळलेलं नाही."

डोक्यावर कुठेतरी पंखा फिरत होता. मला आमच्या दारातला तो पाच आठवला, लांब शेपटीचा. महिनोन् महिने मी येताजाता त्याच्यावरून हात फिरवत होते. माझं अक्षर म्हणून. कुणा रंगाऱ्याचं.

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

"तिला वचन दिलं होतं तुला सांगणार नाही म्हणून."

"काय सांगणार नाही?"

"तिचा दात पडला होता, पहिलीत असताना. तू म्हणालीस छपरावर टाक, म्हणजे नवा लवकर येतो. शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या उशीखाली ठेव. तिला कुणालाच दुखवायचं नव्हतं." ते किंचित हसले. "तुझ्यासमोर तिनं रिकामी मूठच छपराकडे उडवली. छपरावर काही टाकलंच नव्हतं. हात दे इकडे."

त्यांनी माझं बोट धरलं आणि फळीच्या खालच्या टोकाशी नेलं. लाकूड तिथे चिरलं होतं, उभी बारीक भेग. बोट आत गेलं. आत काहीतरी गुळगुळीत, गार, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं.

मी बोट काढलं नाही. कितीतरी वेळ काढलं नाही.

"नव्या फळीला भेगच नव्हती," यशवंत म्हणाले. "पहिल्याच दिवशी बघितलं मी."

"मग बोलायचं होतंत ना!"

"बोललो होतो," ते म्हणाले. "भेगेचं तेवढं बोललो नव्हतो."

मी रॉयकडे वळले आणि म्हटलं, ही आम्हाला द्या. तो म्हणाला, नाही देता येत, बाई. नियम आहे, सेटवरच्या झाडून सगळ्या वस्तू कचऱ्यात गेल्या पाहिजेत, कुणी खिळासुद्धा घरी न्यायचा नाही. मग त्यानं पहार ठेवून पिशवीतून लहान पटाशी काढली. एकेक खिळा सैल करत, कुठेही ओरखडा न उठवता, ती फळी सोडवली. खांद्यावर घेतली, बाहेर आला, आणि आमच्या गाडीची डिकी उघडून आत सरकवली.

"कुठल्या कचऱ्यात, ते नियमात लिहिलेलं नाही," तो म्हणाला. मागे बाहेर आलेल्या टोकाला त्यानं स्वतःचा लाल रुमाल बांधला.

पुलावर यशवंत एकदा मागे वळून बघून म्हणाले, "नीट आहे." एवढंच.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही दोघांनी मिळून फळी आत आणली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, नव्या फळीला लागून उभी केली. मी एकीवरून दुसरीवर बोट फिरवत गेले. एक. दोन. तीन. रेघेला रेघ जुळत होती. रंगारी खरंच कसबी. पाचाची शेपूट. आठाचा ओरखडा. नऊ.

नव्या फळीवर नऊच्या वर काही नव्हतं.

खऱ्या फळीवर नऊच्या वर चार बोटांवर आणखी एक रेघ होती. फिकट, पेन्सिलीची. आकडा नव्हता.

"ही तुम्ही काढलीत?"

यशवंत जवळ आले. चष्मा पुसून परत लावला. "नाही," ते म्हणाले. "मला वाटलं तू."

"मी आज पहिल्यांदा गेले तिथे."

"हो की."

"मालिकेत मापली होती ना त्या मुलीची उंची? पाचव्या भागात? तिचीच असेल."

"ती मुलगी तुझ्याहून उंच आहे, शालन. मी रोज बघायचो तिला. आणि त्या शॉटसाठी रॉयनं वेगळी फळी लावली होती. हिला तो कुणाला हात लावू देत नसे."

मी रेघेपाशी तळहात आडवा धरला. माझ्या छातीच्या जरा वर आली. नऊ वर्षांचं पोर एका वर्षात वाढतं तेवढं अंतर. माझ्या मागे यशवंत खण उघडून काहीतरी शोधत होते. माझ्यासमोर त्यांनी पेन्सिल धरली.

"आकडा तू लिहायचा असतो," ते म्हणाले.

त्यांचा हात स्थिर होता. कित्येक आठवड्यांनी ते बूट काढून, अनवाणी, आमच्या स्वयंपाकघरात उभे होते.

"आधी औक्षण," मी म्हणाले.

निरांजन देवाच्या कपाटात, मागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सापडलं. काळं पडलं होतं, पदरानं पुसलं. वात केली. तबकात सुपारी ठेवली, अंगठी काढून ठेवली, कुंकू, अक्षता. यशवंतांनी खिडकी लावून घेतली, दरवर्षी लावायचे तशी, वाऱ्यानं विझू नये म्हणून. सांगावं लागलं नाही.

फळीवर त्या रेघेच्या जरा खाली, जिथे कपाळ आलं असतं तिथे, मी कुंकू लावलं. अक्षता लावल्या. सुपारी ओवाळली, अंगठी ओवाळली. मग तबक दोन्ही हातांत धरून ओवाळायला लागले. ज्योत सरळ उभी होती, एकदाही हलली नाही. घर इतकं शांत की वातीतलं तूप चरचरलेलं ऐकू येत होतं.

ओवाळून झालं. तबक ठेवायला मी खाली वाकू लागले.

ज्योत एकाएकी माझ्या पायांकडे आडवी झाली.

"अगं, हळू," मी म्हणाले. "निरांजन विझेल."